मावशीच्या साडीचं छत

परवा रात्री मोबाइलवर एक लग्न पाहिलं. तिथले साडेसात, आपले दहा. नवरी माझ्या शाळेतल्या मैत्रिणीची धाकटी लेक, गाव इस्रायलमधलं अश्दोद. खरं सांगायचं तर माझं लक्ष नवरीकडे कमी आणि तिच्या डोक्यावरच्या कापडाकडेच जास्त होतं. कारण ते कापड महिनाभर माझ्या मांडीवर होतं!

मी अलिबागची. आमच्या शेजारी बेने इस्रायल कुटुंब होतं. शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून जुनी माणसं त्यांना शनिवार तेली म्हणत. घरात बोलणं मराठीच. मैत्रिणीच्या आईला आम्ही मावशी म्हणायचो. 1975 साली ते सगळे इस्रायलला गेले, तेव्हा मावशीने तिची लग्नातली पांढरी रेशमी साडी माझ्या आईच्या हातात ठेवली. आई म्हणाली, "अहो, न्या की बरोबर." तर मावशी म्हणाली, "तिथे कागद विचारतात हो, साडी कोण विचारतंय?"

या बोलण्याचा अर्थ मला कितीतरी वर्षांनी कळला. मावशीची बहीण आधीच तिकडे गेली होती. तिचं लग्न ठरलं आणि अडलं. इस्रायलमध्ये ज्यूंची लग्नं लावण्याचा अधिकार धर्मपीठाकडे असतो. 1962 साली तिथल्या मुख्य धर्मपीठाने फर्मान काढलं, की बेने इस्रायलांपैकी कुणाला इतर ज्यूंशी लग्न करायचं असेल, तर आई, आजी, पणजी अशी मागची चौकशी करायची. शेकडो वर्षं कोकणात राहून शनिवार पाळलेल्या माणसांनी पणजीचा दाखला आणायचा कुठून? लोक चिडले, निदर्शनं झाली, उपोषणं झाली. शेवटी 1964 साली विषय संसदेत गेला. बेने इस्रायल सर्वार्थाने ज्यू आहेत असं सरकारने जाहीर केलं आणि मग त्या नियमातून त्यांचं नाव निघालं. तोवर मावशीच्या बहिणीचं स्थळ गेलं होतं. दुसऱ्या ठिकाणी लग्न झालं तिचं, पण मावशीच्या मनातून ते गेलं नाही.

गेल्या हिवाळ्यात मैत्रिणीचा फोन आला. "अगं, आईची साडी आहे का गं अजून? लेकीच्या हुप्प्याला हवीय."

हुप्पा म्हणजे ज्यू लग्नातला मांडव. चार खांब, वर एक कापड, बस्स. भिंत नाही, पडदा नाही. अब्राहामाचा तंबू पाहुण्यांसाठी चारी बाजूंनी उघडा असायचा, म्हणून हाही उघडा, असं ते सांगतात. नव्या जोडप्याचं हे पहिलं घर. पूर्वी हुप्पा म्हणजे नवरा-नवरीची खोलीच असे. काठ्यांवरचं छत पोलंडकडे सोळाव्या शतकात रूढ झालं म्हणतात. कुठे प्रार्थनेची शालच वर धरतात. त्यांच्या जुन्या ग्रंथात एक छान गोष्ट आहे. बेतार गावात मुलगा झाला की देवदार लावायचे, मुलगी झाली की सुरूच्या जातीचं झाड. आणि लग्न ठरलं की त्याच झाडांच्या लाकडाचा मांडव करायचा. आपण मुहूर्तमेढ रोवतो ती आठवली मला. आपल्याकडे अंतरपाट दोघांच्या मध्ये धरतात आणि मंगलाष्टकं संपली की काढून घेतात. यांचं कापड मात्र डोक्यावर, शेवटपर्यंत.

साडी ट्रंकेत होती, पण घड्यांवर विरलेली. शिवाय चौकोनी छत करायचं तर फाडावी लागणार. कात्री घेऊन मी दोन दिवस नुसती बसून राहिले. मावशी असती तर रागावली असती का? शेवटी फोन केला. मैत्रीण म्हणाली, "फाड गं. ती ट्रंकेत राहायला नव्हतीच." सव्वादोन मीटरचे दोन तुकडे काढले, कडेला कडा जोडली, खालून मलमलचं अस्तर लावलं. विरलेल्या रेघांवर रफू केलं, ते जरा दिसतंच. पदर उरला, तो माझ्याकडे ठेवला.

आणि त्या रात्री ते छत समुद्रकाठच्या मोकळ्या मैदानात उभं. चार तरुण मुलांनी चार काठ्या धरलेल्या. मुलाने मुलीच्या उजव्या हाताच्या तर्जनीत साधी, खड्याविना अंगठी घातली. मग केतुबा वाचला. हा लग्नाचा करारनामा, नवऱ्याने बायकोला काय द्यायचं ते त्यात लिहिलेलं असतं. (आपल्याकडे असतं असं काही लेखी, तर किती जणींना बरं झालं असतं!) नंतर सात आशीर्वाद. फोन कुणीतरी वर धरला होता. मधेच वारा आला, छत फुगलं आणि माझी रफूची रेघ स्पष्ट दिसली. मी इकडे जीव मुठीत धरून बसलेली.

सगळ्यांत शेवटी नवऱ्याने पायाखाली काचेचा पेला फोडला. जेरुसलेमचं देवालय उद्ध्वस्त झालं, त्याची आठवण ऐन आनंदातही ठेवायची म्हणून. "माझल तोव!" असा एकच गलका झाला. त्या गडबडीत एका मुलाने काठी सोडून टाळ्याच पिटल्या, छत तिरकं होऊन नवरीच्या केसांवर आलं. तेवढ्यात त्या हिब्रू गोंगाटातून माझ्या मैत्रिणीचा आवाज आला, चक्क अलिबागच्या मराठीत: "अरे मेल्या, नीट धर! माझ्या आईची साडी आहे ती!"