विहिरीच्या पाण्यातले औषध कसे सापडते?



"विहिरीचे पाणी तपासून द्या" म्हणून बाटली घेऊन येणारे सभासद अलीकडे वाढले आहेत. ही चांगली गोष्ट आहे. पण गेल्या उन्हाळ्यातली एक हकिकत सांगितल्याशिवाय आम्हाला पुढे जाता येत नाही.

एका सभासदाच्या टोमॅटोची पाने आखडली, पिळवटली. शेजारी चुलतभावाचा ऊस. त्यात २,४-डी हे तणनाशक मारलेले. "त्याचं औषध माझ्या विहिरीत उतरलं," असा यांचा पक्का समज झाला. त्यांनी बाटलीभर पाणी आणून दिले, आम्ही ते बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवले. रिपोर्ट आला : तणनाशक आहे, आणि भरपूर आहे! भाऊबंदकी वकिलाच्या दारापर्यंत गेली. मग आम्ही विचारले, "आबा, बाटली कुठली होती?" बाटली तणनाशकाचीच होती. "पण तीनदा विसळली होती की!" असे आबांचे म्हणणे.

आता हिशेब बघा. पिण्याच्या पाण्यात २,४-डी एका लिटरला ३० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावे, असे भारतीय मानक सांगते. एक ग्रॅमचे दहा लाख भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे मायक्रोग्रॅम. बाजारात मिळणाऱ्या ५८ टक्के औषधाच्या एका थेंबात हे द्रव्य पंचवीस हजार मायक्रोग्रॅमच्या घरात असते. म्हणजे लिटरभर पाण्यात एक थेंब पडला तरी मर्यादेच्या आठशे पट! विसळून विसळून थेंबाचा शंभरावा हिस्सा बाटलीत राहिला, तरी आठ पट. यंत्राने खोटे सांगितले नव्हते. यंत्राने बाटली तपासली, विहीर नाही.

हे यंत्र काम कसे करते ते समजून घेऊ. या पद्धतीला क्रोमॅटोग्राफी म्हणतात, मराठीत वर्णलेखन. मिखाईल त्स्वेत या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने १९०३ साली वॉर्सा येथे ती प्रथम मांडली. काचेच्या नळीत खडूची पूड भरून त्याने वरून हिरव्या पानांचा अर्क ओतला. अर्क खाली उतरताना हिरवे, पिवळे असे पट्टे वेगवेगळे झाले. घरी मुलांकडून करून पाहा. टीपकागदाच्या पट्टीवर काळ्या स्केचपेनचा ठिपका द्या आणि पट्टीचे टोक पाण्यात बुडवा. पाणी वर चढेल तसे काळ्या शाईतले निळे, तांबडे रंग सुटे होतात.

असे का होते? आठवड्याच्या बाजारातून दोघे जण एकदमच निघाले, असे समजा. एक जण प्रत्येक दुकानाशी थांबतो, दुसरा सरळ चालतो. बाजाराच्या दुसऱ्या टोकाला दोघे वेगवेगळ्या वेळी पोचणार. नळीतला माल म्हणजे दुकाने आणि वाहता द्रव किंवा वायू म्हणजे रस्ता. कोणते द्रव्य किती मिनिटांनी बाहेर पडले यावरून त्याची ओळख पटते. कागदावर उमटलेला उंचवटा केवढा आहे, यावरून त्याचे प्रमाण कळते.

वाफ होणारे पदार्थ वायूच्या प्रवाहाने पुढे नेतात. डिस्टिलरीत स्पिरिटमधले मिथेनॉल असेच तपासतात. त्यासाठीची नळी केसासारखी बारीक, बहुधा ३० मीटर लांब, गुंडाळी करून ठेवलेली असते. साखर मात्र तापवली की करपते, तिची वाफ होत नाही. म्हणून साखर, ग्लुकोज, फ्रुक्टोज वेगळे करायला द्रवाचा प्रवाह वापरतात. कधी दोन द्रव्ये एकाच वेळी बाहेर पडतात. तेव्हा चांगल्या प्रयोगशाळा पुढे आणखी एक यंत्र जोडून द्रव्याच्या कणांचे वजन ताडून बघतात.

पण विहिरीचे पाणी किंवा टोमॅटोचा लगदा तसाच यंत्रात घालता येत नाही. इथे आपल्याला गुऱ्हाळ आठवावे. रसात भेंडीचे पाणी टाकून मळी काढतो, मग रस आटवतो. प्रयोगशाळेतही तेच करतात : आधी मळी काढायची, मग आटवायचे. लिटरभर पाणी एका विशिष्ट पुडीच्या थरातून सोडतात. औषध पुडीला धरून राहते. ते थोड्या द्रावकाने सोडवून घेतात आणि आटवून एक मिलिलिटर करतात. म्हणजे हजार पट दाट. २,४-डी आम्लधर्मी आहे. म्हणून त्याच्यासाठी पाण्यात आधी आम्ल घालावे लागते, नाहीतर ते पाण्यातच राहते आणि हाती काही लागत नाही.

भाजीपाला व फळांसाठी २००३ पासून 'क्वेचर्स' नावाची झटपट पद्धत आली. बारीक केलेला माल, ॲसिटोनायट्राइल हे द्रावक आणि क्षार घालून हलवायचे, गरगर फिरवायचे, वरचा निथळ घ्यायचा. नंतर तो एका पुडीने स्वच्छ करायचा. गंमत अशी की ही मळी काढणारी पूड २,४-डीलाही धरून ठेवते! म्हणून काय शोधायचे आहे ते प्रयोगशाळेला आधी सांगितले नाही, तर असलेले औषधही 'आढळले नाही' असा रिपोर्ट येऊ शकतो. २०१० साली आपली द्राक्षे युरोपात अडकली, ती क्लोरमेक्वॅट म्हणजे लिहोसीनच्या अंशामुळे. तेही नेहमीच्या एकत्र तपासणीत सापडत नाही, त्याची तपासणी वेगळी करावी लागते.

रिपोर्टमध्ये 'रिकव्हरी' हा शब्द दिसला तर दचकू नका, तो आपला उतारा नव्हे. प्रयोगशाळा मुद्दाम मोजून औषध घालते आणि त्यातले किती परत मिळाले ते बघते. ७० ते १२० टक्के मिळाले तर पद्धत सामान्यतः ठीक समजतात. आणि 'आढळले नाही' म्हणजे शून्य नव्हे. यंत्राला मोजता येते त्यापेक्षा कमी, एवढाच त्याचा अर्थ.

आता सभासदांनी काय करायचे?

१. बाटली नवी व काचेची घ्या, तपकिरी असली तर उत्तम. औषधाची, दारूची किंवा तेलाची बाटली नको.

२. मोटर दहा-पंधरा मिनिटे चालू द्या, मग काठोकाठ बाटली भरा. फवारणीच्या कपड्यांवर किंवा त्या हातांनी नमुना घेऊ नका.

३. एकाच वेळी दोन बाटल्या भरा. एक तपासणीला द्या, दुसरी सील करून थंड जागी ठेवा. वाद झाला तर तीच साक्षीदार.

४. बर्फाच्या डब्यात ठेवून त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पोचवा. उन्हात औषध विरते.

५. चिठ्ठीवर गट नंबर, तारीख, वेळ आणि आसपास कोणते औषध केव्हा मारले ते लिहा.

६. मातीचा नमुना असेल तर शेतात नागमोडी फिरून आठ-दहा ठिकाणची माती एकत्र करा. ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवा. खताच्या पोत्यावर माती पसरू नका.

आबांच्या विहिरीतून नव्या बाटलीत पुन्हा पाणी घेतले, तेव्हा तणनाशक आढळले नाही. मग टोमॅटो आखडले कशाने? २,४-डी वाऱ्यावर उडून शेजारच्या टोमॅटोला, कापसाला, द्राक्षाला बाधते, हे सर्वांना ठाऊक आहे. चुलतभावाने वाऱ्याच्या दिवशी फवारले होते, हे त्याने स्वतःच कबूल केले. वकील थांबला. दोघांच्या शेतांमध्ये आता मक्याच्या दोन ओळी आहेत, आणि फवारणीच्या आदल्या दिवशी निरोप जातो.

एका चुकीच्या बाटलीने घरात भांडण लागले, आणि एका बरोबर बाटलीने खरे कारण शोधायला लावले. तेव्हा बाटली नीट घ्या, बाकीचे काम प्रयोगशाळेचे.