घर आणि शाळा : सहकार्याचे स्वरूप

पालक आणि शाळा यांच्या सहकार्याची आवश्यकता शिक्षणशास्त्रात कोणी नाकारीत नाही. परंतु हे सहकार्य विद्यार्थ्याच्या अध्ययनापर्यंत नेमके कोणत्या मार्गाने पोहोचते, याचे विवेचन क्वचितच होते. परिणामी सभेस आलेल्या पालकांची संख्या हेच सहकार्याचे माप ठरते, आणि जे येत नाहीत त्यांच्यावर उदासीनतेचा शिक्का बसतो. हा शिक्का बहुधा निरक्षर व मोलमजुरी करणाऱ्या पालकांच्याच वाट्यास येत असल्याने या प्रश्नाचा विचार काळजीपूर्वक केला पाहिजे.

विवेचनाच्या सोयीसाठी सहकार्याचे तीन प्रकार मानता येतील. पहिला देखरेखीचा, यात पालक शाळेच्या कारभारावर लक्ष ठेवतात. दुसरा माहितीचा, यात शिक्षक मुलाची प्रगती पालकांस कळवितो. तिसरा प्रत्यक्ष अध्ययनसाहाय्याचा. यात मुलाच्या शिकण्यातील एखादे निश्चित काम घराकडे वा गावाकडे सोपविले जाते. पहिल्या दोहोंतून तिसरा आपोआप निष्पन्न होतो, असे सामान्यतः गृहीत धरले जाते.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या अधिनियमाने पहिल्या दोन प्रकारांना वैधानिक अधिष्ठान दिले आहे. खाजगी विनाअनुदानित शाळा वगळता इतर शाळांच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सभासद पालक असावेत व निम्म्या जागा स्त्रियांकडे असाव्यात, असे कलम २१ सांगते. कलम २४ प्रमाणे पालकांच्या नियमित सभा घेऊन मुलाची उपस्थिती, शिकण्याची क्षमता आणि प्रगती त्यांस कळविणे हे शिक्षकाचे कर्तव्य होय. घरी पालकाने काय करावयाचे, याविषयी मात्र ही कलमे काही सांगत नाहीत.

उपरोक्त गृहीतक कितपत खरे आहे, याची परीक्षा उत्तर प्रदेशातील जौनपूर जिल्ह्यात झाली. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो व त्यांचे सहकारी यांनी ‘प्रथम’ या संस्थेसमवेत २८० गावांत केलेला हा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. गावात शिक्षण समिती अस्तित्वात आहे, हेच बहुसंख्य पालकांस ठाऊक नव्हते. काही गावांत सभा घेऊन समितीचे अधिकार समजावून देण्यात आले. काही गावांत त्याखेरीज मुलांचे वाचन कसे तपासावे हेही शिकविण्यात आले. उरलेल्यांपैकी काही गावांत या दोहोंच्या जोडीस स्थानिक स्वयंसेवकांना वाचन शिकविण्याची साधी पद्धती देऊन वाचनवर्ग चालविण्यात आले. पहिल्या दोन उपायांनी पालकांचा शाळेतील सहभाग वाढला नाही, आणि मुलांचे अध्ययनही सुधारले नाही. वाचनवर्गांना जी मुले आली, त्यांच्या वाचनात मात्र लक्षणीय प्रगती दिसली. येथील स्वयंसेवक बहुधा पालक नव्हते, ही मर्यादा ध्यानात ठेवूनही निष्कर्ष स्पष्ट आहे : अधिकाराची वा वस्तुस्थितीची जाणीव पुरेशी नसते, करावयाचे काम निश्चित व आवाक्यातील असावे लागते.

मग निरक्षर मातेकडे असे काम सोपविता येते काय? रुक्मिणी बॅनर्जी, जेम्स बेरी आणि मार्क शॉटलँड यांचा २०१७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास या प्रश्नाचे उत्तर देतो. काही मातांसाठी साक्षरतावर्ग, काहींना मुलांच्या घरच्या अध्ययनास साहाय्य करण्याचे शिक्षण, तर काहींना दोन्ही, अशी त्याची योजना होती. तिन्ही गटांतील मुलांच्या गणितात सुधारणा आढळली. ती अल्प होती, पण निश्चित होती. मातांचे स्वतःचे भाषा व गणित सुधारले आणि मुलांच्या शिक्षणातील त्यांचे लक्षही वाढले.

या विचाराची पूर्वपीठिका महाराष्ट्रातच आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. वस्तीतील मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसून आल्यावर त्यांनी पालकांस दोष दिला नाही. बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. त्यातून ‘अंगणवाडी’ उदयास आली, आणि पुढे १९७५ मध्ये केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली तेव्हा तिच्या केंद्रांस हेच नाव मिळाले. नंतर कोसबाड येथे ताराबाई व अनुताई वाघ यांना आणखी दोन अडचणी दिसल्या. आदिवासी कुटुंबांतील मोठी मुले गुरे राखीत. म्हणून शाळा कुरणात भरविण्यात आली. मुली धाकट्या भावंडांस सांभाळीत. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा ही एकत्र आणण्यात आली. घरच्या श्रमविभागणीचा अभ्यास करून शाळेने आपली घडी बदलली. पालकांच्या तथाकथित उदासीनतेची कारणे त्या श्रमविभागणीतच होती.

सारांश, पालकांचे सहकार्य हा मागण्याचा विषय नसून योजण्याचा विषय आहे. मजुरीस जाणाऱ्या मातेस सायंकाळी मुलाकडून एक गोष्ट वाचून घेता येईल किंवा बाजारहाटाचा हिशेब करवून घेता येईल. सोमवारी दुपारच्या सभेस येणे तिला एका दिवसाच्या मजुरीस मुकविते. पहिल्या कामासाठी मुलाच्या हाती गोष्टीचे पुस्तक देणे आणि त्यानंतर त्याची विचारपूस करणे ही शाळेची जबाबदारी होय. तेव्हा या क्षेत्रात संशोधन करणाऱ्याने पालकसभांच्या हजेरीपटापाशी न थांबता शाळेने घराकडे कोणते काम सोपविले, ते त्या घरास झेपणारे होते काय, आणि त्याचा पाठपुरावा झाला काय, या तीन प्रश्नांचा शोध घेतला पाहिजे.