ऑडिटर वहीत काय बघतो?

मणी पाण्यात उतरायला लागलेत आणि ग्लोबलगॅपचं बाहेरचं ऑडिटही जवळ आलंय. रोज दोन-तीन फोन येतात, "सर, वही एकदा बसून पूर्ण करून टाकू का?" म्हणून आज वहीबद्दलच सविस्तर लिहितोय.

आपलं सर्टिफिकेट गटाचं आहे. प्रत्येक सभासदाच्या बागेची वर्षातून एकदा तरी अंतर्गत तपासणी कंपनी करते. बाहेरची संस्था सभासदसंख्येच्या वर्गमुळाइतक्या बागा बघते. म्हणजे 64 सभासद असतील तर किमान 8 बागा. कोणत्या, ते ऑडिटर ठरवतो. आपण चांगल्या-चांगल्या बागा दाखवू, असं चालत नाही. दोन-चार ठिकाणी तीच चूक सापडली तर ती एकट्याची धरत नाहीत, गटाची पद्धतच कच्ची मानतात आणि सगळ्यांचं सर्टिफिकेट अडकू शकतं. दुरुस्तीला 28 दिवस मिळतात, पण 28 दिवसांत आपला निम्मा खुडा उरकलेला असतो.

आता वही. एका बैठकीत लिहिलेली वही लगेच ओळखू येते. एकच पेन, एकच अक्षर, पानाला कुठं मातीचा डाग नाही. पण ऑडिटर अक्षरावर थांबत नाही, तो मेळ घालतो. समजा, एका बुरशीनाशकाचं बिल 1 किलोचं आहे. वहीत 400 ग्रॅमच्या दोन फवारण्या आहेत. मग खोलीत 200 ग्रॅम शिल्लक दिसलं पाहिजे. तिथं पाकीट न फोडलेलं असेल किंवा बिलात नसलेली बाटली असेल, तर पुढचं सगळं संशयाने बघितलं जातं. तारखेचंही तसंच. फवारणीची तारीख अधिक औषधाचा पीएचआय, आणि खुड्याची तारीख त्यानंतरचीच हवी.

म्हणून जुन्या तारखा आठवून आठवून भरू नका. राहिलेली नोंद असेल तर बिलं आणि रिकामे डबे घेऊन माझ्याकडे या, जे खरं सापडेल तेवढंच लिहू. आजपासून मात्र ज्या दिवशी फवारणी त्याच दिवशी नोंद: प्लॉट, औषध आणि त्यातला घटक, मात्रा, कशासाठी मारलं, कोणी मारलं, कशाने मारलं. ब्लोअर की एसटीपी, तेही लिहा.

2010 साली सीसीसीच्या अंशामुळे युरोपात आपल्या द्राक्षांचे कंटेनर अडकले होते. मी तेव्हा शाळेत होतो, पण तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ते वर्ष सोसलंय. कोणत्या प्लॉटवर काय मारलं हे कागदावर दाखवता येणं म्हणजे काय, ते तुम्हाला मी सांगायला नको.

औषधाच्या खोलीला कुलूप हवं. पावडर वरच्या फळीवर, पातळ औषधं खाली, म्हणजे गळालं तरी पावडरीवर पडत नाही. वाळूची बादली, मोजमाप, वजनकाटा. खत शेजारी नको. मुदत संपलेली औषधं वेगळी, चिठ्ठी लावून. रिकामे डबे तीनदा धुऊन, भोक पाडून ठेवा, ते पाणी टाकीत ओता. आणि मास्क-हातमोजे त्याच खोलीत टांगू नका. ही चूक दरवर्षी दिसते.

ऑडिटर मालकाला कमी आणि फवारणीच्या गड्याला जास्त विचारतो. त्याला उत्तरं पाठ करून देऊ नका, पोपटपंची लगेच कळते. काम तसं करून घ्या, तो आपोआप बरोबर बोलेल. पेठ-सुरगाण्याकडून येणाऱ्या टोळीतल्या बायांसाठी संडास आणि हात धुवायला साबण-पाणी जवळ आहे का, हेही बघतात. खरं तर त्यासाठी ऑडिटची वाट बघायचं काही कारण नाही.

अंतर्गत तपासणीत मी त्रुटी लिहिली तर रागावू नका. काही जण म्हणतात, "आपलीच माणसं, कशाला लिहिता?" सगळ्या बागांच्या तपासणीत "सर्व ठीक" असलं की ऑडिटरचा पहिला संशय तपासणाऱ्यावरच येतो. त्रुटी आणि तिच्या दुरुस्तीची तारीख, फोटोसकट, हाच आपला भक्कम पुरावा.

सोमवारपासून बागांवर येतोय. आदल्या दिवशी फोन करीन. तोपर्यंत या हंगामाची सगळी बिलं एका पिशवीत काढून ठेवा आणि औषधाच्या खोलीचा दार उघडून एक फोटो मला वैयक्तिक पाठवा, ग्रुपवर नको.