कूलर होळीला, गिझर दिवाळीला

विदर्भ-मराठवाड्यात कूलर, पुण्या-नाशकाकडे गॅस गिझर, मुंबई-कोकणात एसी: आपल्याकडे घराच्या गारव्या-उबेचा कारभार असा वाटून दिलेला आहे. हंगाम आला की मेकॅनिकला फोन जातो तो बहुधा ‘हवा गार येत नाही’ किंवा ‘पाणी तापत नाही’ म्हणून. जिवावर बेततात त्या गोष्टी मात्र वेगळ्याच. कूलरच्या बाबतीत अर्थिंग आणि गिझरच्या बाबतीत खिडकी. या दोन्ही नसल्या तरी यंत्र व्यवस्थित चालते, म्हणून त्यांच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही.

ताट्यांआधी वायर

होळीच्या सुमाराला गच्चीवरचा नाहीतर गॅलरीतला कूलर खाली येतो. नव्या ताट्या बसतात, टाकीला रंग लागतो आणि जुनीच वायर पुन्हा प्लगमध्ये जाते. आठ-नऊ महिन्यांत तिला उंदराने कुरतडलेले असू शकते, पंपाच्या केबलला चीर गेलेली असू शकते, मोटरच्या वाइंडिंगमध्ये ओल शिरलेली असू शकते. कूलर पत्र्याचा, पंप पाण्यात बुडालेला आणि पाणी भरणारा माणूस ओल्या फरशीवर अनवाणी. करंट पत्र्यात उतरला तर त्याला जमिनीत जायला सर्वांत सोपी वाट त्या माणसातूनच मिळते.

अर्थिंग असते ते यासाठी. थ्री-पिन प्लगची जाड पिन पत्र्याला जमिनीशी जोडते. पण अनेक जुन्या घरांत बोर्डाच्या त्या मोठ्या भोकामागे वायरच नसते, आणि काही महाभाग टू-पिन बोर्डात बसावी म्हणून जाड पिन सरळ कापून टाकतात. इलेक्ट्रिशियनला बोलावलेच आहे, तर बोर्डाला खरोखर अर्थिंग आहे का हे त्याच्याकडून तपासूनच घ्यावे.

‘एमसीबी आहे, ती पडेल’ हा भरवसा फसवा आहे. एमसीबी पडते ती कित्येक अँपिअरचा भार गेल्यावर. माणसाच्या हृदयाचा ठोका बिघडायला एका अँपिअरचा दहावा भागही पुरतो. घरात 30 मिलीअँपिअरची आरसीसीबी बसवावी. तिने झटका बसायचा थांबत नाही, पण तो जीवघेणा होण्याआधी वीज तुटते. तिच्यावरचे टेस्टचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे.

पाणी भरताना, ताट्या काढताना किंवा पंप हलवताना बटण बंद करून भागत नाही, प्लग उपसून ठेवावा. वायरिंग उलटे झाले असेल, तर बटण बंद असूनही आत फेज खेळत राहतो. कुणाला झटका बसून तो चिकटलाच, तर त्याला हात न लावता आधी मेन स्विच पाडावा.

टाकीतले पाणी, खोलीतली दमट हवा

डेंग्यूचा एडिस डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यात वाढतो आणि कूलरची टाकी त्याला आयतीच मिळते. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून तिच्या कडा घासाव्यात. नुसते पाणी ओतून देणे पुरत नाही, कारण अंडी पाण्याच्या रेषेजवळ भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरड्यातही महिनोन्‌महिने टिकतात.

कूलर लावून दारे-खिडक्या बंद करणाऱ्यांना काय म्हणावे? पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता शोषली जाते, एवढीच त्याची जादू. दमट झालेल्या हवेला बाहेर पडायला वाट नसेल, तर तासाभरात अंग चिकचिकते. पाऊस लागला की बाहेरचीच हवा दमट होते. मग टाकी कोरडी करून, वायर गुंडाळून कूलर सरळ उचलून ठेवावा.

एसीवाल्याला एकच प्रश्न

जाळी दर पंधरा दिवसांनी धुवावी, हे बहुतेकांना ठाऊक असते. ‘गॅस संपलाय, भरावा लागेल’ असे दरवर्षी ऐकू आले, तर मात्र ‘गळती कुठे आहे?’ एवढे विचारावे. एसीतला गॅस जळत नाही की खर्च होत नाही. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो. गळती न शोधता भरलेला गॅस पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पुन्हा उडून जातो. आर-32 आणि आर-290 हे नव्या एसींतले वायू पेट घेऊ शकतात, तेव्हा नळीला डाग लावायचे काम चालू असताना खोली मोकळी आणि हवेशीर हवी.

न्हाणीघरातला गॅस

दिवाळीनंतर पाणी कडकडीत लागते, अंघोळी लांबतात आणि वाऱ्याची झुळूक नको म्हणून खिडकीची काच सरकवली जाते. एलपीजीला पूर्ण जळायला स्वतःच्या पंचवीस-तीस पट हवा लागते. लहानशा बंद न्हाणीघरात ती लवकर कमी पडते आणि अर्धवट ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. सिलिंडरमधल्या गॅसला मुद्दाम वास दिलेला असतो. या वायूला वासही नाही, रंगही नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो. आधी डोके जड होते, मळमळते, मग पायांतले बळ जाते, आणि कडी आतून लावलेली असते.

माझे मत स्पष्ट आहे: गॅस गिझर न्हाणीघरात नकोच. तो ड्राय बाल्कनीत किंवा बाहेरच्या भिंतीवर लावून फक्त पाण्याची नळी आत घ्यावी. ते होईपर्यंत बादल्या भरून, गिझर बंद करून, दार-खिडकी थोडा वेळ उघडी ठेवून मगच अंघोळीला जावे. नुसत्या एक्झॉस्ट फॅनवर विसंबू नये. बाहेरून हवा आत यायला वाट नसेल, तर तो जळलेला धूरच खोलीत ओढू शकतो. ज्योत निळी हवी. ती पिवळी पडून काजळी धरू लागली, की बर्नर साफ करून घ्यावा. सुरक्षा होजवरची तारीख पाहून ती पाच वर्षांनी बदलावी.

बाळंतिणीच्या खोलीतल्या कोळशाच्या शेगडीतूनही हाच वायू निघतो. थंडी लागेल म्हणून दार-खिडकी लावून घेऊन शेक-शेगडी करणे आई आणि बाळ दोघांनाही धोक्याचे आहे. शेक घेताना खिडकी उघडी हवी आणि रात्री निजताना निखारे खोलीबाहेर.

कुणी आत बेशुद्ध आढळले, तर दार उघडून त्याला आधी मोकळ्या हवेत आणावे, गॅस बंद करावा आणि 108 ला फोन करावा. बोटाला लावायच्या साध्या ऑक्सिमीटरला हा वायू ओळखता येत नाही, आकडा अट्ठ्याण्णवही दाखवेल. तेव्हा दवाखान्यात पोचताच डॉक्टरांनी विचारायची वाट न पाहता सांगावे, की आत गॅस गिझर चालू होता.