नाव विचारताच मिळणारा नकार

कार्यालयातल्या संगणकावर कुणी संकेतस्थळाचं नाव टाइप केलं, की पान उघडण्याआधी एक छोटासा प्रश्न बाहेर जातो: या नावाचा आयपी पत्ता काय? उत्तर देणारी डीएनएस ही व्यवस्था पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ साली मांडली. व्यवसायांसाठीच्या इंटरनेट फिल्टरचं सगळ्यात मोठं नवल याच प्रश्नोत्तरात आहे. उत्तर देणारा सर्व्हर फिल्टर करणारा असला, तर फसव्या नावाचा खरा पत्ता तो देतच नाही. ब्राउझरला जायचं कुठे हेच कळत नाही, आणि कर्मचारी पासवर्ड टाकण्याआधीच सापळा टळतो.

२००६ साली सुरू झालेल्या ओपनडीएनएसने ही युक्ती लोकप्रिय केली. २०१५ मध्ये सिस्कोने ती कंपनी ६३.५ कोटी डॉलरना घेतली. मात्र लहान दुकानाला किंवा चार-पाच माणसांच्या कार्यालयाला एवढ्या मोठ्या नावाकडे जायची गरज नाही. राउटरमध्ये डीएनएसच्या जागी ९.९.९.९ लिहिलं, की क्वाड-नाइन ही ना-नफा संस्था घातक संकेतस्थळं फुकट अडवते. क्लाउडफ्लेअरचा १.१.१.३ हा पत्ता त्याबरोबर अश्लील मजकूरही रोखतो. कुणाला काय दिसावं हे माणसागणिक ठरवायचं असेल किंवा अहवाल हवा असेल, तर मात्र बहुधा पैसे मोजावे लागतात.

नावाच्या पलीकडचं डीएनएसला दिसत नाही. यूट्यूब चालू ठेवून त्यातला एखादाच व्हिडिओ अडवणं त्याच्या आवाक्याबाहेरचं आहे, कारण त्याला विचारलेल्या प्रश्नात फक्त नाव असतं; पानाचा पूर्ण पत्ता एचटीटीपीएसमध्ये कुलूपबंद असतो. तो वाचायचा तर कार्यालयाची वाहतूक तपासणाऱ्या फायरवॉलने मध्ये उभं राहून कुलूप उघडायचं, तपासायचं आणि पुन्हा लावायचं. त्यासाठी प्रत्येक संगणकावर फायरवॉलचं सर्टिफिकेट बसवावं लागतं. ही ताकद फार मोठी आहे. बँका आणि दवाखान्यांची संकेतस्थळं या तपासणीतून वगळावीत आणि तपासणी होते हे कर्मचाऱ्यांना लेखी सांगावं, असं माझं ठाम मत आहे. कुलूप उघडून तपासण्याच्या या कामाने फायरवॉलच्या यंत्रावर फार ताण येतो. माहितीपत्रकावर ठळक छापलेला वेग बहुधा साध्या वाहतुकीचा असतो. ही तपासणी (एसएसएल तपासणी) चालू असतानाचा वेग त्याच्या कितीतरी खाली येतो, आणि खरेदीदाराने विचारायचा आकडा तोच.

नुसत्या शब्दांवरून अडवणं किती फसतं, हे १९९६ मध्ये इंग्लंडमधल्या स्कनथॉर्प गावाने जगाला दाखवलं. गावाच्या नावात एक अपशब्द दडलेला असल्यामुळे एओएल या इंटरनेट कंपनीने तिथल्या रहिवाशांना खातीच उघडू दिली नाहीत. आजचे फिल्टर मुख्यतः वर्गवारीवर चालतात: जुगार, बातम्या, समाजमाध्यमं, नुकतीच नोंदलेली नावं. म्हणून चाचणीच्या काळात आपल्या कामाची मराठी आणि हिंदी संकेतस्थळं मुद्दाम उघडून बघावीत; ती कोणत्या वर्गात पडतात यावर पुढच्या तक्रारी अवलंबून असतात.

या कामात भारतीय हातही आहेत. अहमदाबादच्या सायबरोमने फायरवॉलचे नियम यंत्राच्या पत्त्याऐवजी माणसाच्या ओळखीवर बांधले. २०१४ मध्ये ब्रिटनच्या सोफोसने ती कंपनी घेतली. पुण्याच्या क्विक हीलची व्यवसायांसाठीची उत्पादनं सेक्राईट या नावाने मिळतात.

पळवाटाही आहेत. २०१८ मध्ये प्रमाणित झालेल्या डीएनएस-ओव्हर-एचटीटीपीएसमुळे ब्राउझर आपला प्रश्न परस्पर बाहेरच्या सर्व्हरला विचारू शकतो, आणि कार्यालयाचा फिल्टर बाजूला राहतो. फायरफॉक्सने यावर सुंदर तोड काढली आहे: एका ठरावीक नावाची चौकशी नेटवर्कने नाकारली, तर तो आपणहून सुरू केलेली ही सोय बंद ठेवतो. वापरणाऱ्याने ती स्वतः चालू केली असेल तर मात्र ही खूण चालत नाही. तिथे असे सर्व्हर फायरवॉलवरच अडवावे लागतात. घरी नेलेल्या लॅपटॉपला तर कार्यालयाची फायरवॉल लागूच होत नाही, त्यावर फिल्टरचं वेगळं सॉफ्टवेअर (एजंट) हवं.

ऑर्डर देण्याआधी विक्रेत्याला दोन गोष्टी लेखी विचाराव्यात: दुसऱ्या वर्षाचं रिन्यूअल किती, आणि लायसन्स संपल्याच्या दिवशी सगळं बंद होतं की सगळं उघडं पडतं.