आजीची मेमरी किती जीबी?

‘स्टोरेज फुल’! ऐन लोकलच्या गर्दीत फोनवर हा मेसेज झळकला की कसलं टेन्शन येतं ना! मग रविवारी बसायचं फोटो डिलीट करत. मीही तेच करत होते. तेवढ्यात मामाने माळ्यावरून बुटांचा एक खोका काढला. आत काय, तर स्टोरेजचं अख्खं म्युझियम! चार ऑडिओ कॅसेट, सात फ्लॉपी, तीन सीडी आणि टोपण हरवलेला एक पेन ड्राइव्ह.

मामा नव्वदच्या दशकात मोखाडा तालुक्यात शिक्षक होता. एका कॅसेटवर त्याच्या अक्षरात लिहिलं होतं : ‘धवलेरी, लग्न, एप्रिल १९९६’.

फ्लॉपीचा कळसूबाई

आधी थोडी गंमत. १९५६ साली आयबीएमने रॅमॅक नावाच्या कॉम्प्युटरसोबत हार्ड डिस्क आणली. वजन टनाच्या घरात, आणि मावायची जेमतेम ५० लाख अक्षरं! म्हणजे तुमच्या फोनमधले एक-दोन फोटो. पुढे आलेली साडेतीन इंची फ्लॉपी १.४४ एमबीची. आज नखाएवढं मेमरी कार्ड १ टीबीचं मिळतं. तेवढा डेटा फ्लॉपींवर घ्यायचा तर सुमारे ६ लाख ८० हजार फ्लॉपी लागतील. एकीवर एक रचल्या तर सव्वादोन किलोमीटर उंच ढीग. कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे ती खालीच राहिली की!

पण जागा वाढली म्हणजे आयुष्यही वाढलं का?

मामाने २००४ साली ती कॅसेट सीडीवर ‘राइट’ करून घेतली होती. ‘आता कायमची सेफ,’ असं त्याला वाटलं होतं. माझ्या लॅपटॉपला सीडी ड्राइव्हच नाही. मैत्रिणीकडून आणला, तर नुसती घरघर, आणि स्क्रीनवर काहीच नाही! अशा सीडीत लेझर एका रंगद्रव्याच्या थरावर खुणा उमटवतो. ऊन, उष्णता, दमट हवा यांनी तो थर खराब होतो. माळ्यावर तिन्ही हजर.

आणि कॅसेट? पेन्सिलीने सैल टेप ताणून घेतली, शेजाऱ्यांच्या जुन्या डेकमध्ये घातली. आधी खरखर, मग एका बाईचा स्वच्छ आवाज. मामा उठून खिडकीत जाऊन उभा राहिला.

चौक ‘लिहितात’

गाणं फोनमध्ये घेऊन आम्ही दोघं निघालो. जव्हार, मग मोखाडा, मग मामाचा पाडा. वारली लग्नात धवलेरी म्हणजे गाणी गाऊन लग्न लावणारी बाई. भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक काढतात, मधे पालघट देवी. वारली माणसं चौक ‘काढला’ नाही, ‘लिहिला’ म्हणतात! आपण सीडी राइट करायचो, तसंच. फरक एवढाच, की तो दर लग्नाला नव्याने लिहावा लागतो. गाण्यांचंही तेच.

कॅसेटमधली बाई आता नाही. पण तिच्या शेजारी बसून शिकलेली आजी भेटली. मी फोन लावला. आजीचे भाकरी थापणारे हात थांबले. थोड्या वेळाने ती आवाजात आवाज मिसळून गाऊ लागली. ३० मिनिटांनी ‘खट्’ झालं, कॅसेटची बाजू संपली. आजी मात्र पुढे गातच होती. ना कागद, ना चार्जिंग!

‘आजी, हे सगळं रेकॉर्ड करून ठेवू?’ मी विचारलं.

‘ठेव की. पण ऐकून कोण धवलेरी होते, पोरी? लग्नात शेजारी बसायला लागतं.’

गोची नेमकी इथेच आहे. लग्नं लागतात ती सुगीनंतर पावसाआधी. जव्हार-मोखाड्यातली कितीतरी कुटुंबं याच दिवसांत वसई-भिवंडीकडे वीटभट्ट्यांवर किंवा बांधकामांवर कामाला जातात. शेजारी बसायचं ज्या पोरींनी, त्याच गावात नसतात. आजीची मेमरी शाबूत आहे. अडलंय ते कॉपी होणं.

आजीची नात बोईसरला कंपनीत कामाला आहे, आपल्यासारखीच शिफ्ट आणि सुट्ट्यांच्या गणितात अडकलेली. तिने गाणं लगेच फोनवर मागून घेतलं. मी घरी येऊन तीन कॉप्या केल्या : एक हार्ड डिस्कवर, एक क्लाउडवर, एक मामाच्या पेन ड्राइव्हवर. तुम्हीही करा. घरातल्या जुन्या कॅसेट आणि सीडी वाजतायत तोवरच उतरवून घ्या. दर चार-पाच वर्षांनी नव्या जागी हलवा.

परवा नातीचा मेसेज आला. पाड्यावर लग्न आहे, चार दिवसांची रजा टाकलीय, आजीच्या शेजारी बसणार आहे.

चौथी कॉपी ती!