कॉलेजचे विद्यार्थी कारखान्यावर काय शिकतात, आणि सभासदांचा त्याच्याशी संबंध काय?



गाळप हंगाम सुरू झाला की कारखान्याच्या यार्डात, वजनकाट्यापाशी आणि कधी कधी थेट बांधावर कॉलेजच्या मुलामुलींच्या तुकड्या फिरताना दिसतात. काही इंजिनिअरिंगची, काही मॅनेजमेंटची, काही शेती महाविद्यालयातली. घोटावडे, मुळखेड भागातले सभासद आम्हांला हटकून विचारतात, "साहेब, हिंजवडी इथं हाकेच्या अंतरावर, एवढ्या कंपन्या सोडून ही पोरं उसात काय बघतात?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर नोंदीच्या दिवसांतच दिलेले बरे, म्हणून हा लेख.

त्यांच्या अभ्यासात 'औद्योगिक पुरवठा साखळीचे डिजिटलायझेशन' असा विषय असतो. नाव भारदस्त, गोष्ट साधी. माल कुठून निघाला, कोणाच्या हातून कुठे गेला, किती वेळ थांबला, त्याचे पैसे कोणाला केव्हा मिळाले, ही माहिती पूर्वी वहीत, चिठ्ठीत आणि माणसाच्या डोक्यात असे. ती संगणकात एका जागी आणायची आणि ज्याला हवी त्याला लगेच दिसेल असे करायचे, एवढाच त्याचा अर्थ. पिरंगुटच्या कारखान्यात सुटे भाग येतात ते याच हिशोबाने, चाकणला मोटार बनते तीही याच हिशोबाने. फरक इतकाच, की मोटारीचा नटबोल्ट चार दिवस पडून राहिला तरी त्याचे वजन घटत नाही. उसाचे घटते. तोडलेला ऊस 24 तासांच्या आत गव्हाणीत पडला तर ठीक. पुढे वजनही जाते आणि साखरेचे विघटन होऊन उताराही घसरतो. वजनातले नुकसान त्या एका सभासदाचे, उताऱ्यातले सगळ्यांचे. 2025-26 च्या हंगामासाठी केंद्र सरकारने 10.25 टक्के उताऱ्याला टनामागे 3550 रुपये एफआरपी ठरवली आणि त्यापुढे उताऱ्याच्या दर 0.1 टक्क्याला टनामागे 34 रुपये 60 पैसे जादा. म्हणजे दशांश चिन्हाच्या पुढच्या आकड्यातसुद्धा आपले पैसे आहेत.

विद्यार्थ्यांना आम्ही सुरुवातीला आकडेमोड करायला लावतो. रोज 2500 टन गाळणारा कारखाना धरा. तासाला सुमारे 104 टन ऊस लागला, रात्री दोन वाजताही. ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्यांत मिळून 20 टन येतो असे धरले तर दिवसाला 125 खेपा. एक कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, दिवसाला दोन टन तोडते असे धरले तर 1250 कोयते, अडीच हजार माणसे. एवढी माणसे, एवढी वाहने आणि शेकडो तुकड्यांतला ऊस रोज एका गव्हाणीच्या तोंडाशी वेळेवर आणायचा. आकडे फळ्यावर मांडले की तुकडी एकदम गप्प होते.

मग त्यांना ऊसतोडीची चिठ्ठी दाखवतो. जपानच्या टोयोटा कंपनीत ताइइची ओनो यांनी 'कानबान' नावाची चिठ्ठीची पद्धत रुजवली, ती यांच्या पुस्तकात असते. पुढच्या खात्याची चिठ्ठी आल्याशिवाय मागच्या खात्याने माल करायचा नाही, हे तिचे सूत्र. आमची तोडचिठ्ठी म्हणजे दुसरे काय आहे? चिठ्ठी नाही तर कोयता नाही. स्लिपबॉयच्या खिशात हे शास्त्र इतकी वर्षे फिरते आहे, त्याला जपानी नाव नव्हते एवढेच. आता त्या चिठ्ठीवर क्यूआर कोड छापता येतो. तो चौकोनी ठशांचा कोडही जपानी मोटारींच्या सुट्या भागांचा माग ठेवण्यासाठीच 1994 साली निघाला.

पुढे एक खेळ असतो. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत 1960 च्या सुमारास असा खेळ निघाला आणि आजही जगभर विद्यार्थ्यांना खेळवतात. त्यात बिअरचा कारखाना, घाऊक व्यापारी आणि दुकानदार असतात (नाव बिअरचे असले तरी खेळ कोरडाच). आम्ही त्याचा ऊस केला आहे. चार गट पाडायचे : सभासद, टोळी, वाहन आणि गव्हाण. एकमेकांशी बोलायचे नाही, फक्त चिठ्ठी सरकवायची. गव्हाण थोडी रिकामी दिसली की गव्हाणवाले घाबरून जादा मागतात, वाहनवाले त्याहून जादा, टोळीवाले त्याहूनही. थोड्याच वेळात यार्डात कागदी उसाचा ढीग लागतो, मग एकदम तोड थांबते आणि गव्हाण पुन्हा उपाशी. दुसऱ्या डावात सगळ्यांचे आकडे फळ्यावर उघडे लिहायचे. चढउतार सगळे जात नाहीत, पण बरेच शांत होतात. माणसे तीच, चिठ्ठ्या त्याच. बदल एवढाच, की सगळ्यांना सगळे दिसते.

हे उघडे दिसणे आपल्याच सहकारी क्षेत्रात एके काळी करून पाहिलेले आहे. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या वारणा खोऱ्यात, तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या वारणा समूहाच्या परिसरात, 1998 साली 70 गावांसाठी संगणक जाळ्याची योजना सुरू झाली. केंद्र, राज्य आणि वारणा समूह यांनी मिळून खर्च उचलला. हवामान, बाजारभाव, शिक्षण असे पुष्कळ काही गावोगावच्या संगणकांवर मिळावे असा बेत होता. प्रत्यक्षात सभासद त्या केंद्रांवर जात ते मुख्यत्वे ऊसनोंद, तोड, वजन आणि बिल यांच्या कामासाठी. पुढे बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या मंडळींनी हे हेरले आणि 2000 च्या त्याच दशकात सात गावांत आठ महिने वेगळा प्रयोग केला. गावातल्या संगणकाऐवजी साधा मोबाइल. सभासदाने एसएमएस पाठवायचा, कारखान्याकडून उत्तर यायचे. तो स्वस्तही पडला आणि सभासदांना जास्त पसंतही पडला. विद्यार्थ्यांना वारणेचे उदाहरण आम्ही मुद्दाम सांगतो. सभासदाला तीन गोष्टी हव्या असतात : तोड कधी, वजन किती, पैसे किती. त्या देणारे यंत्र साधे असले तरी चालते.

पैशाबाबत एक गोष्ट आपल्या ध्यानात असावी. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाने ऊस घातल्यापासून 14 दिवसांत पैसे आणि उशीर झाल्यास सालाना 15 टक्के व्याज असा दंडक घालून दिला. त्या 14 दिवसांची मोजणी वजनपावतीच्या तारखेपासून. मोबाइलवर आलेली पावती पुसू नका आणि कागदाची पावती चुलीत घालू नका.

आता नोंदीकडे येतो, कारण खरी गोम तिथे आहे.

मागे एका विद्यार्थिनीने आम्हांला विचारले, "सर, ही सगळी माहिती पहिल्यांदा कोण भरतं, आणि ती कोण तपासतं?" आम्हांला वाटते, सबंध विषयातला हाच एक प्रश्न लाखमोलाचा. माहिती पहिल्यांदा भरली जाते बांधावर, आणि ती असते लागणीची तारीख. तोडणीचा सगळा कार्यक्रम तिच्यावर उभा राहतो. जुलै-ऑगस्टची आडसाली लागण 16 ते 18 महिन्यांनी तोडायची, ऑक्टोबर-नोव्हेंबरची पूर्वहंगामी 14-15 महिन्यांनी, सुरू आणि खोडवा सुमारे 12 महिन्यांनी. तोड लवकर यावी म्हणून काही सभासद तारीख महिनाभर मागे लिहायला सांगतात. "एवढं काय होतंय?" असे त्यांचे म्हणणे. होते असे, की कोवळा ऊस पुढे येतो आणि शेजाऱ्याचा पक्व ऊस मागे पडतो. कोवळ्याचे वजन भरत नाही, पिकलेल्याला तुरा येऊन वाळायला लागतो, आणि उतारा दोघांच्या बाजूने घसरतो. पूर्वी जाणता शेतकी मदतनीस ऊस बघूनच म्हणायचा, "पाटील, ह्याला अजून महिना पाहिजे." संगणकाला ऊस दिसत नाही, तारीख दिसते. तिच्यावर तो डोळे मिटून विश्वास ठेवतो. शंका आली तर आम्ही हातातल्या रिफ्रॅक्टोमीटरने ब्रिक्स तपासतो, पण प्रत्येक तुकडीत ते शक्य नसते.

"मग उपग्रहावरून बघा की," असेही सभासद म्हणतात. बघता येते, काही मर्यादेत. युरोपच्या सेंटिनेल-2 या उपग्रहांची चित्रे दर पाच दिवसांनी मिळतात आणि चित्रातला एक ठिपका 10 मीटर लांब, 10 मीटर रुंद, म्हणजे जवळजवळ एक गुंठा. सलग पाच-दहा एकरांच्या फडाला हे छान. आपल्याकडे मुळशीत 20 मीटर रुंदीच्या पट्ट्या. त्यात दोन ठिपके बसतात आणि दोन्ही बांधाला चिकटलेले. बांधावरचा आंबा, शेजारचे भात आणि आपला ऊस, सगळे एका ठिपक्यात मिसळते. शिवाय लागणीच्या ऐन दिवसांत मुळशीवर ढग असतात, आणि ढगाआडचे त्या उपग्रहाला दिसत नाही. बारामतीला उसात कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रयोग चालले आहेत, त्यांबद्दल सवडीने स्वतंत्र लिहू. तूर्त आपल्यासाठी मोबाइल घेऊन बांधाभोवती पायी फिरून केलेली मोजणी हीच भरवशाची.

विद्यार्थी साखळीचे चित्र काढतात तेव्हा त्यात चौकोन आणि बाण असतात. 'खुशाली'चा चौकोन त्यात नसतो. तोडीच्या वेळी शेतकऱ्याकडून वरकड पैसे घेतले जातात हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण ते कोणत्याही संगणकात उमटत नाहीत. नंबर आधी लागावा म्हणून पेटवलेला ऊस 'जळीत' म्हणून उमटतो, पेटवणारा उमटत नाही. आणि ज्याच्या कोयत्यावर ही साखळी चालते त्या तोडणी मजुराचा हिशोब अजूनही मुकादमाच्या वहीत असतो. त्याला स्वतःला फोनवर काही दिसत नाही. हे आम्ही विद्यार्थ्यांपासून लपवत नाही. उद्या हिंजवडीत बसून हीच मुले असली सॉफ्टवेअरे लिहिणार आहेत.

आमचे मत विचाराल तर गावनिहाय तोडीची यादी लागण तारखेसह सर्व सभासदांना मोबाइलवर उघडी दिसावी. त्याने भांडणे वाढतील असे म्हणणारे आहेत. वाढतीलही, पण ती तारखेवरून होतील, वशिल्यावरून नव्हे, आणि तारखेचे भांडण बांधावर जाऊन मिटवता येते.

सबब, नोंद तपासणीला माणूस येईल तेव्हा सातबाऱ्यावरचे नाव, गट नंबर, क्षेत्र, उसाची जात आणि लागण तारीख मोबाइलच्या पडद्यावर स्वतः वाचून बघा. चष्मा घरी असेल तर आणायला पोराला पिटाळा. को 86032 लावला असेल आणि 265 लिहिले गेले तर जागेवर दुरुस्त करून घ्या. मोबाइल नंबर शेतावर असणाऱ्या माणसाचा द्या. घोटावड्यात पुष्कळांचे निरोप मुलाच्या फोनवर जातात, मुलगा कंपनीत मीटिंगमध्ये, आणि टोळी फडात येऊन उभी. ऊस बाईमाणसाच्या नावावर असेल तर नंबरही त्यांचाच लिहावा. यंदा तपासणीला विद्यार्थ्यांची एक तुकडी आमच्याबरोबर असेल. त्यांना बांधावरून फिरवा, चहा पाजा, हवे ते विचारू द्या. मात्र मोजणीच्या टेपचे दुसरे टोक तुम्ही स्वतः धरा.

— ऊस विकास अधिकारी